कस्तुरीची कोळीण माझ्या ताब्यात

१२ जानेवारी, सोमवार

क. तिकडे दक्षिणेत होसूरला पोचली. कस्तुरी एवढं लांबलचक नाव आम्हीच हौसेनं ठेवलं, लिहायला आता एक अक्षर पुरतं. मेसेज: 'पोचले. खाल्लं?' मी आपलं लिहिलं, हो, खिचडी केली होती. उत्तर आलं: 'तू नाही गं. जाई.'

जाई म्हणजे टारँटुला. तळहाताएवढी केसाळ कोळीण, काचेच्या पेटीत, हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. चोवीस वर्षं वाढवलेली पोरगी नोकरीला जाताना आईजवळ काय ठेवून जाते, तर हे. होस्टेलवर प्राणी चालत नाहीत म्हणे. आईकडे चालतात, आईला कोण विचारतंय.

जाई फुलाला म्हणतात. मी हिला बाईसाहेब म्हणणार. लिहिताना बा.सा.

१३ जानेवारी, मंगळवार

सकाळी सव्वासहाला कंपनीच्या बससाठी निघाले तेव्हा बा.सा. डाव्या कोपऱ्यात. संध्याकाळी साडेसातला चाकण चौकाचं ट्रॅफिक भोगून निगडीला परत आले, तरी बा.सा. डाव्या कोपऱ्यात. इतकं निवांत बसलेलं मी फक्त आमच्या पर्चेस डिपार्टमेंटला पाहिलंय.

क. प्लास्टिकच्या कव्हरात एक कागद ठेवून गेलीय. वर मथळा: 'आईसाठी सूचना'. अकरा मुद्दे! पंचवीस वर्षं मी स्टोअर सांभाळते. सील, बेअरिंग, बोल्ट, हजारो प्रकारचा माल, आणि माझ्यामुळे कारखान्याची लाईन एकदाही थांबलेली नाही. मला ही सूचना देणार. पहिला मुद्दा वाचला: 'घाबरू नकोस.' पुढचं वाचलं नाही. पेटीच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, कागदाची घडी त्याच्याखाली सारली. डगमगायचं थांबलं. काहीतरी उपयोग झाला.

१५ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. जगाला रविवार, आमच्या चाकणच्या कारखान्यांना गुरुवार. पिंपरीला युसूफभाईंच्या दुकानात गेले. पक्षी, मासे, आणि मागे एका खोक्यात जिवंत रातकिडे. क. त्यांच्याकडूनच न्यायची.

"मॅडम, दोन-तीन बस झाले," ते म्हणाले. "एक टाकायचा. खाया तो ठीक, नाही तर काढून घ्यायचा."

कमी घ्या म्हणणारा दुकानदार म्हणजे धंद्याचं वाटोळं. डझन घेतले. मला आठवड्यात एकच सुट्टी, रोज कोण पिंपरीला खेटे घालणार.

चिमट्यानं एक सोडला. चार दिवस मेल्यासारखी बसलेली बाई अशी काही झेपावली की चिमटा माझ्या हातून पडला. किंचाळले, लिहायला हरकत नाही. ऐकायला घरात कोणी नव्हतं. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, नाहीतर महिनाभर नक्कल करून दाखवली असती.

क.ला कळवलं: खाल्लं. तिकडून लाल बदाम आला. बदाम कोणाला ते मला कळतं.

२२ जानेवारी, गुरुवार

खाल्लं नाही. रातकिडा तिच्या पाठीवरून चालत गेला तरी ढिम्म. मग मागचा पाय उचलून त्याला बाजूला सारलं. आमचे प्लँट हेड फाईल असंच सारतात.

दोन तास वाट पाहून रातकिडा काढला. क.चा मेसेज होताच: 'खाल्लं?' लिहिलं: हो.

का खोटं बोलले? ती जाताना दारात म्हणाली होती, "जमत नसेल तर सांग, ताथवड्याचा रोहन येऊन घेऊन जाईल." रोहन म्हणजे तिच्या कॉलेजातला एक दाढीवाला, त्याच्याकडे दोन साप आहेत. बा.सा. ताथवड्याला गेली की क. मला काय विचारणार? बारा दिवसांत ती माझ्याशी या कोळिणीखेरीज एक अक्षर बोललेली नाही. हे 'खाल्लं?'चे मेसेजही मग सापवाल्याकडे गेले असते.

२९ जानेवारी, गुरुवार

आज बा.सा.नी दंगा केला. पाण्याची वाटी बदलायला हात घातला तर पुढचे दोन पाय वर, दात बाहेर. मी म्हटलं, उगाच भाव खाऊ नकोस, पाणी तुझ्यासाठीच आहे. तर पाठ फिरवली आणि मागच्या पायांनी ढुंगणावरचे केस खरडून माझ्यावर उडवले. मनगटापासून कोपरापर्यंत खाजतंय.

खाल्लं नाही. क.ला लिहिलं: हो.

३० जानेवारी, शुक्रवार

स्टोअरमध्ये फोर्कलिफ्टवरच्या बबनरावांनी हात पाहिला. खेडकडचा गडी, घरची शेती आणि वर कंपनी. सांगावं लागलं.

"कोळी पाळलाय? मॅडम तुमी?" मग पोटभर हसून: "रुसली आसंल ती. आमची म्हस बी रुसती. मालकीण गेली ना तिची, न्हाई खायाची आता."

म्हटलं, बबनराव, तिला आठ डोळे असून माणूस माणसापासून ओळखता येत नाही, मी नेटवर वाचलंय.

"आसंल. हाताला हळद लावा."

हळद लावली. दिवसभर माल काढायच्या इश्यू स्लिपांवर पिवळे ठसे.

१ फेब्रुवारी, रविवार

बसमधून उतरल्यावर गेटपाशी वाटवेवहिनी भेटल्या. वरच्या मजल्यावरच्या. "काय हो, कस्तुरीचं पुढे काही?" चेहऱ्यावर कळवळा, डोळ्यांत मजा. तो प्रकार त्यांच्यामुळेच झाला, स्थळ त्यांनीच आणलेलं.

लिहूनच टाकते. जानेवारीच्या ४ तारखेला, रविवारी, मुलाकडचे आले होते. मी मुद्दाम रजा टाकलेली. मुलाच्या आईनं पेटीकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, शेजाऱ्यांचं आहे, गावाला गेलेत. क. आतून चहा घेऊन येत होती, तिनं ऐकलं. ट्रे ठेवला, पेटी उघडली, आणि बा.सा.ना तळहातावर घेऊन त्या बाईंसमोर उभी राहिली. "शेजाऱ्यांची नाही हं, माझी. मी बी.ई.च्या तिसऱ्या वर्षापासून पाळतेय." बाई चपलांसकट सोफ्यावर. मुलगा हसला, तेवढा तो बरा होता.

मुलाकडचे गेल्यावर मी जे बोलले ते क.च्या बाबांचं नाव काढून बोलले. शब्द लिहीत नाही. तिला पाठ आहेत, मलाही आहेत. सहा दिवसांनी ती होसूरला गेली. नोकरीचं पत्र आधीच आलेलं होतं, मला सांगितलं नव्हतं.

वाटवेवहिनींना म्हटलं, पुढे काही नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तीन आठवडे उपास. नेटवर एक ग्रुप सापडला, जगभरचे कोळीवाले. एक म्हणतो ही जात सहा महिने न खाता राहते. दुसरा म्हणतो ऊब कमी पडते. तिसरा म्हणतो पेटी चुकली, चौथा म्हणतो पहिल्याला काही कळत नाही. सगळे आपापल्या कोळिणीचे फोटो टाकतात, लोक बारशाचे टाकतात तसे. एवढी रिकामटेकडी जमात मी आयुष्यात पाहिली नाही. दोन तास वाचत बसले.

मग स्वतःचं डोकं वापरलं. चूक काय होतेय? मी गुरुवारी एक किडा टाकते, तिला त्या वेळी भूक नसते, मी काढून घेते. शनिवारी भूक लागली तर? माल लाईनवर नाही! स्टोअरचा पहिला धडा: माल लाईनशेजारी पडलेला पाहिजे, लागेल तेव्हा लागेल तेवढा उचलतील. डझनातले जगलेले आठ रातकिडे आत सोडून दिले. त्यांच्यासाठी गाजराचा तुकडा. आता बघू किती दिवस नखरे चालतात.

एवढं सोपं होतं. अकरा मुद्दे कशाला लागतात?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आठच्या आठ शिल्लक. गाजर संपलं. पिंपरीला जायची गरज नाही, माल पडून आहे.

बा.सा.चं पोट काळं पडत चाललंय, जिथले केस माझ्यावर उडवले तिथे टक्कल, आणि टक्कल दिवसेंदिवस काळपट. वर सगळ्या मातीवर जाळ्याची पांढरी सतरंजी अंथरलीय. खायला नको, पण अंथरूण लागतं.

क.: 'खाल्लं?' मी: हो. क.: 'फोटो टाक ना.' मी: उद्या.

जुना फोटो पाठवला, जानेवारीतला. माझ्या हाताखालच्या पोरानं जुन्या स्लिपवर माल काढला होता तेव्हा मी त्याला तीन दिवस घरी बसवलं होतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सोसायटीचं पेस्ट कंट्रोल. नोटीस लिफ्टमध्ये लावतात आणि लिफ्ट बंद असते. सुदैवानं मी अर्ध्या दिवसाच्या रजेवर घरी. नळीवाला दारात, मागे सेक्रेटरी. मी म्हटलं, माझ्या घरात फवारायचं नाही.

"ताई, सगळ्यांच्याकडे होतंय. झुरळं तुमच्याकडून वर जातील."

म्हटलं, माझ्याकडे किडे आहेत, मोजून आठ, आणि ते पेटीत आहेत. सेक्रेटरी माझ्याकडे पाहत राहिले. वाटवेवहिनींनी वरून ऐकलं असणारच. दाराच्या फटीत ओलं फडकं कोंबून दुपारभर बसून राहिले, जिन्यातला वास आत येऊ नये म्हणून. कोणासाठी, तर जी मला ओळखत नाही तिच्यासाठी.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी आठ. बा.सा. उताणी. आठही पाय वर. हलत नाही.

मेली. मी मारली. पहिल्यांदा हेच मनात आलं, आणि दुसऱ्यांदा आलं की क.ला आता काय सांगणार. खुर्चीवर बसले ती किती वेळ बसले माहीत नाही. रडले. कोळिणीसाठी एक्कावन्न वर्षांची बाई! काढून फडक्यात गुंडाळायची म्हणून झाकण उघडलं आणि तेवढ्यात एक पाय हलला. अगदी थोडा.

तेव्हा कागद आठवला. तो टेबलाच्या पायाखाली. ओढला असता तर टेबल डगमगलं असतं, पेटीसकट. गुडघा टेबलाखाली लावून ते तोलून धरलं, एका हातानं कागद ओढला, दुसऱ्या हातानं डब्याचं झाकण त्या जागी सारलं. कंबरेत अजून कळ आहे.

मुद्दा सहा: 'पाठीवर दिसली तर मेली नाही, कात टाकतेय. पेटी हलवू नकोस, तिला हात लावू नकोस. मरताना कोळी पाय पोटाशी आवळतो.'

मुद्दा सात, खाली दोन रेघा: 'पेटीत किडा कधीच ठेवू नकोस. कात टाकताना ती लोण्यासारखी मऊ असते. रातकिडाच तिला खाईल.'

आठ.

लांब चिमटा घेतला. पहिला गाजराच्या जागी होता, निघाला. मग एकेक करत वाटीमागून, कोपऱ्यातून, झाडाच्या सालीखालून. पेटीला धक्का नाही, श्वास रोखून. साडेअकरापर्यंत सात निघाले. आठवा तिच्या मागच्या डाव्या पायाशी होता. आधी वाटलं नुसताच बसलाय. नव्हता बसला.

काढला. बाथरूममध्ये नेऊन चपलेनं चिरडला. उरलेल्या सातांचा काय दोष, तेही.

दुपारी तीनला कात निघाली. तिनं तिच्यातूनच दुसरी बाहेर काढली, सावकाश, कोणाची मदत न घेता. नवी गुलाबीसर, मऊ, दात पांढरे. पाय मोजले. सात. आठव्या जागी एक थेंब, मग तोही सुकला.

युसूफभाईंनी सांगितलं होतं. क.नं लिहून ठेवलं होतं. इतके महिने, नव्हे, सहा आठवडे तो कागद माझ्याच घरात होता.

१ मार्च, रविवार

क.: 'खाल्लं?'

उत्तर दिलं नाही. बा.सा. सात पायांवर उभी आहे. तिरकी. दोन आठवडे काही द्यायचं नाही, मुद्दा आठ.

३ मार्च, मंगळवार

क.: 'आई, ठीक आहे ना?' मी की बा.सा., ते मी विचारलं नाही.

बबनरावांना सांगितलं. माणूस हसला नाही. "पोरीला सांगितलं का?" म्हटलं, नाही. "मग सांगा की. मालकीण ती हाय." म्हटलं, माल उतरवा, ट्रक उभा आहे.

५ मार्च, गुरुवार

अर्धा दिवस मेसेज लिहिण्यात गेला. स्टोअरमध्ये माल कमी भरला तर कारण लिहायला एक रकाना असतो. पंचवीस वर्षं मी त्यात पुरवठादार, वाहतूक, शिफ्ट बदल असलं काहीतरी लिहीत आले. शेवटी लिहिलं: 'तिनं जाने. १५ नंतर खाल्लं नाही. मी खोटं सांगत होते. आठ रातकिडे आत ठेवले होते. कात टाकताना एकानं पाय खाल्ला. तुझा कागद मी वाचला नव्हता. चूक माझी.' सोबत फोटो, आजचा.

वाचल्याची खूण आली.

८ मार्च, रविवार

क.चा फोन. आठ आठवड्यांनी आवाज. मी बसमध्ये होते, शेजारी अकाउंट्सची मुलगी, तरी घेतला.

"पाय पुढच्या कातीला परत येतो, आई. लहान येतो आधी, मग वाढतो."

"बरं."

"किती वेळा खोटं बोललीस?"

"पाच."

हसली का? तसं वाटलं. बस भोसरीच्या पुलावर होती, आवाज तुटत होता.

"आणखी काही?"

मला कळलं ती काय विचारतेय. अगदी लख्ख कळलं. मी म्हटलं, "पाणी रोज बदलते."

मग तिनं भराभर सांगितलं: ट्रेनिंग संपलं, कायमची तिथेच. दोघींबरोबर फ्लॅट घेतेय, तिथे ठेवता येईल, एक मुलगी घाबरते पण होईल सवय. "मादी आहे, पंधरा वर्षं तरी जगेल. ठेवशील तिला? नाहीतर मी एप्रिलमध्ये येऊन घेऊन जाते. पुढच्या रविवारपर्यंत सांग, मला तिकीट काढावं लागेल."

मी म्हटलं, पंधरा वर्षं? बघते. अकाउंट्सच्या मुलीनं विचारलं, कोण हो मॅडम, पंधरा वर्षं कोण जगणार? म्हटलं, तू आपली खिडकीबाहेर बघ.

१० मार्च, मंगळवार

वाटवेवहिनी जिन्यात: "ते जनावर अजून आहे?" म्हटलं, आहे, आणि तुमच्यापेक्षा कमी बोलतं.

१२ मार्च, गुरुवार

सुट्टी. युसूफभाईंकडून एक रातकिडा आणला. एकच. त्यांनी एकच घेतल्याबद्दल दोनदा खात्री करून घेतली.

चिमट्यात धरून समोर नेला. दात आता काळे झालेत. सात पायांवर झेपावली, पहिल्या वेळेइतकी चपळ नाही, पण घेतला. मी किंचाळले नाही.

मग हिशेब मांडत बसले. ठेवते म्हटलं, तर क.ला इथे यायचं कारण संपलं. ने म्हटलं, तर एप्रिलमध्ये येईल, चहा घेईल न घेईल, पेटी उचलेल, आणि मग मला मेसेज करायचं कारण संपलं. कसंही केलं तरी तेच. एवढी साधी गोष्ट तिला कळली नसेल? कळली असेल, माझीच मुलगी आहे. म्हणूनच आधी ते विचारलं असणार, आणखी काही, म्हणून. आणि मी तिला पाण्याचं सांगितलं. मूर्ख बाई.

दुपारी फोन घेऊन बसले. कोळिणीचं काहीच लिहिलं नाही. 'त्या दिवशी मी तुझ्या बाबांचं नाव काढून जे बोलले' इथपर्यंत आले आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मागणीपत्राची भाषा येते मला, ही येत नाही. बा.सा. सतरंजीवर बसून आहे, रातकिड्याचा चोथा वाटीत टाकलाय, तो मी काढायचा.

चौथ्यांदा इथपर्यंत आलेय. रविवारला अजून तीन दिवस आहेत.